सासरची माणसं एकटी असतात तेव्हा काय बोलतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: साताऱ्याची मुक्ता आणि नागालँडचा डेव्हिड पुण्यात नोकरीला आहेत, तिथेच प्रेमात पडतात. लेखिकेची ही पहिली पटकथा. तिला चित्रपटात वैविध्य हवं आहे, पण ते वरून चिकटवल्यासारखं दिसायला नको. निर्मात्यांचं म्हणणं, नायक ओळखीचा चेहराच असावा आणि सगळ्यांनी मराठीतच बोलावं. ‘ईशान्येकडच्या प्रेक्षकांना राग येऊ नये म्हणून कोणती काळजी घेऊ?’ असं तिने विचारलंय.

तुमचा मसुदा दोनदा वाचला. आधी जमलेलं सांगते. मुक्ताचं घर झकास उतरलंय. बाप एसटीत कंडक्टर, आई शेजारणीशी भांडून तिच्याच घरी विरजण मागायला जाते, धाकटा भाऊ भरतीच्या तयारीत पहाटे धावतो आणि दिवसभर झोपतो. ही माणसं तुम्ही बघितलेली आहेत हे कळतं. मुक्ता घरात नसतानाही ती बोलतात, कुरबुरतात, पैशाचा हिशेब करतात.

डेव्हिडचं घर मात्र ६१ व्या पानावर उगवतं, तेसुद्धा मुक्ताला सोबत घेऊन. मुक्ता दारात उभी राहते तेव्हा ती माणसं जिवंत होतात आणि मुक्ता निघाली की पुतळे होतात. त्यांना एकमेकांशी बोलायला काही नाही. जे बोलतात ते मुक्ताबद्दल. तुमच्या मसुद्याचा मोठा आजार हा. बाकीचे त्यापुढे सर्दी-पडसं.

मी हे शहाणपण पुस्तकात वाचलेलं नाही. संवादलेखनाच्या सुरुवातीच्या काळात एका चित्रपटासाठी मी मराठी मुलगा आणि गोव्याची ख्रिस्ती मुलगी अशी जोडी लिहिली होती. मुलीच्या आईला फ्रॉक घातला, हातात केक दिला, तोंडी मोडकी हिंदी दिली आणि भिंतीवर येशू टांगला. मला वाटलं, झालं गोव्याचं घर. पहिल्या वाचनाला त्या आईची भूमिका करणारी नटी आली. ती स्वतः गोव्याची. वाचन संपल्यावर तिने अगदी शांतपणे विचारलं, ‘तुमचा हिरो निघून गेल्यावर ही बाई काय करते?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिनेच सांगितलं. तिच्या ओळखीची अशी बाई रोमी लिपीतलं कोंकणी वाचते, नवरा तारवटी म्हणजे बोटीवर कामाला असल्यामुळे वर्षातले कित्येक महिने घराचा कारभार एकटीने हाकते, तियात्राला म्हणजे कोंकणी संगीत नाटकाला गेली की राजकारण्यांवरच्या गाण्यांना जोरात टाळ्या देते, आणि लेकीच्या लग्नाआधी नारळाच्या दुधाचा ‘रोस’ लावताना आपल्या हळदीच्या गाण्यांसारखीच रडवेली गाणी म्हणते. माझ्या केकमध्ये यातलं काही नव्हतं. तो चित्रपट पुढे रखडला, आणि मला अजूनही वाटतं की ते बरंच झालं.

तेव्हापासून मी एकच चाचणी लावते. परक्या बाजूच्या माणसांचा असा एक तरी प्रसंग हवा, ज्यात आपलं माणूस हजर नाही आणि विषयही आपल्या माणसाचा नाही. तुमच्या मसुद्यात असा एकही नाही.

हे साधलेला एक चित्रपट मी शिकवताना नेहमी दाखवते. मीरा नायर यांचा १९९१ चा ‘मिसिसिपी मसाला’. पटकथा सूनी तारापोरवाला यांची. हुकूमशहा इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातल्या आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं, त्यातलं एक गुजराती कुटुंब इंग्लंडमार्गे अमेरिकेत मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला येऊन पोचतं. नातेवाइकांच्या मोटेलमध्ये राहतं. त्यांची मुलगी मीना (सरिता चौधरी) आणि गालिचे धुण्याचा व्यवसाय करणारा काळा तरुण डेमेट्रियस (डेन्झेल वॉशिंग्टन) यांची ही गोष्ट. म्हटलं तर साधी प्रेमकथा. पण डेमेट्रियसच्या घरी बाप आहे, रिकामटेकडा धाकटा भाऊ आहे, बँकेचं कर्ज आहे, जुनं प्रेमप्रकरण आहे. मीना त्याच्या आयुष्यात आली नसती तरी त्या घरावर वेगळा चित्रपट निघाला असता. मग मीना त्यांच्याकडे जेवायला जाते आणि गप्पांतून कळतं की ती भारतीय असली तरी तिने भारत पाहिलेला नाही, जन्म आफ्रिकेतला. त्या घरातल्यांना हे चटकन समजतं, कारण तेही आफ्रिकेचे आणि त्यांनीही आफ्रिका पाहिलेली नाही. ओळख अशी पटते. भाषण कुणी देत नाही.

त्याहून मला आवडतो तो मोटेलवाल्यांचा दुटप्पीपणा. मीना त्याच्या गाडीला धडकते तेव्हा दावा होईल या भीतीने आपलीच माणसं डेमेट्रियसला गोड बोलतात, आपण सगळे गोरे नसलेले, एकजुटीने राहायला हवं वगैरे. प्रकरण उघडकीला आल्यावर तीच मंडळी त्याचा धंदा बसवायला निघतात. मीनाचा बाप अमीनच्या वंशद्वेषामुळे देशोधडीला लागलेला, आणि लेकीच्या बाबतीत तोच रंग मोजतो. आपल्याच माणसांची अशी लक्तरं वेशीवर टांगायची हिंमत लेखिकेत आणि दिग्दर्शिकेत होती, म्हणून दुसरी बाजूही खरी वाटते. मीरा नायर यांनी मुलाखतींतून सांगितलंय की पैसे लावणाऱ्यांना यात एखादं महत्त्वाचं गोरं पात्र हवं होतं. त्या बधल्या नाहीत. तुमच्या निर्मात्याचा ‘ओळखीचा चेहरा’ त्याच जातकुळीतला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता तुमच्या डेव्हिडकडे येऊ. तुम्ही त्याला ‘नागा’ म्हटलंय आणि थांबलात. हे म्हणजे मुक्ताला नुसतं ‘भारतीय’ म्हणण्यासारखं. अंगामी, आओ, सुमी, लोथा, कोन्याक अशा अनेक जमाती, प्रत्येकीची भाषा निराळी, इतकी की एकीची दुसरीला कळत नाही. बाजारात म्हणून नागामीज चालते, जी असमियावरून तयार झाली. राज्याची अधिकृत भाषा इंग्रजी. तुम्ही त्याचं गाव मोकोकचुंग लिहिलंय, म्हणजे तो आओ असणार. एवढं ठरलं की पुढच्या कितीतरी गोष्टी आपोआप ठरतात, आणि तुमच्या मसुद्यातले काही प्रसंग आपोआप गळतात.

उदाहरणार्थ लग्नाचा प्रसंग. तुम्ही शेकोटी पेटवलीय, भाले घेतलेले पुरुष नाचतायत, तांदळाची दारू वाहतेय. अहो, आओ लोकांत बॅप्टिस्ट मिशनरी १८७२ मध्ये पोचले. नागा टेकड्यांत मिशनची सुरुवातच तिथून झाली. आज तिथलं लग्न चर्चमध्ये लागतं, वधूच्या अंगावर पांढरा गाऊन असतो, क्वायर चार आवाजांत गातं आणि नंतर जेवणात पोर्क असतं. दारूचं म्हणाल तर नागालँडमध्ये १९८९ पासून दारूबंदीचा कायदा आहे. लोक पितात, जशी बंदी असलेल्या कुठल्याही ठिकाणी पितात, पण पाद्री समोर बसलेला असताना लग्नाच्या मांडवात नाही. भाले आणि पिसांचे मुकुट सणाला, महोत्सवाला दिसतात. आपण काय रोज फेटा बांधून ऑफिसला जातो?

आणि ती शाल. पोस्टरच्या कल्पनेत मुक्ताच्या खांद्यावर तुम्ही जी लाल-काळी शाल टाकलीय, मध्ये चित्रं काढलेला पांढरा पट्टा असलेली, ती चुंगकोतेप्सू. ती आओ पुरुषाची मानाची शाल. पूर्वी पराक्रम केलेल्यालाच ती पांघरता यायची. सुनेच्या अंगावर ती दिसली तर मोकोकचुंगमधला प्रेक्षक तिथेच चित्रपटातून उठेल. बायकांची वस्त्रं वेगळी आणि तितकीच देखणी आहेत, विचारून घ्या.

आता खरा माल. आओंमध्ये कुळं आहेत, जमीर, लोंगकुमेर, पोंगेन ही त्यातली मोठी. एकाच कुळात लग्न निषिद्ध. म्हणजे सगोत्र विवाहावरून आपल्याकडे जी चर्चा होते तिचं तिकडचं रूप. कूळ बापाकडून येतं. तुमचा नायक मुलगा आहे, त्यामुळे त्याची मुलं आओच राहतील. त्याच्या जागी आओ मुलगी आणि मुक्ताच्या जागी साताऱ्याचा मुलगा असता तर तिकडचा विरोध कितीतरी धारदार झाला असता, कारण तिची मुलं कुळाबाहेर गेली असती. हे कळलं की त्याच्या बहिणीचं पात्र लिहून होतं. समजा तिनेही बाहेरच्या मुलावर प्रेम केलं होतं आणि तिला मागे फिरायला लावलं. आता भाऊ परकी मुलगी घेऊन दारात उभा आहे आणि सगळे तिला सामावून घेऊ पाहतायत. त्या बहिणीच्या मनात काय चाललंय? तो प्रसंग मला हवा. स्वयंपाकघरात आई आणि बहीण, मुक्ता तिथे नाही, आणि बोलणंही मुक्ताबद्दल नाही, त्या जुन्या मुलाबद्दल आहे.

साताऱ्याच्या बाजूलाही असंच करा. तुम्ही चलाखीने मुक्ताचं आडनाव कुठेच येऊ दिलं नाही. आंतरसांस्कृतिक प्रेमकथांची ही नेहमीची पळवाट. भाषा, प्रांत, खाणंपिणं याची गंमत दाखवायची आणि जात दाराआड उभी करायची. साताऱ्यातलं घर मराठा शेतकऱ्याचं, बौद्ध शिक्षकाचं की वाईतल्या ब्राह्मणाचं यावर त्या बापाची प्रतिक्रिया बदलेल. भावकी कोणती, पाहुण्यारावळ्यांत कोण काय म्हणेल, हे सगळं बदलेल. आणि ‘त्यांच्यात कोण?’ हा प्रश्न तर येणारच. नागा ख्रिस्ती आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत, हे ऐकल्यावर एखादा मामा त्याला आपल्या जुन्या खणात कोंबायला बघेल आणि तो कुठल्याच खणात मावणार नाही. या मामाला दोन पानं द्या. हसू येईल, आणि हसता हसता प्रेक्षक स्वतःकडेही बघेल.

‘धडक’चं काय झालं ते आठवतं ना? ‘सैराट’मध्ये जात प्रत्येक चौकटीत होती, विहिरीवर, क्रिकेटच्या मैदानावर, वर्गात. २०१८ मध्ये हिंदीत येताना गोष्ट उदयपूरला गेली आणि जात पातळ होत होत राजकीय घराण्याच्या इभ्रतीत विरघळून गेली. प्रसंग तेच होते, फक्त त्यांना धरून ठेवणारा खिळा निघाला.

कलाकार निवडीबद्दल. निर्मात्याला ओळखीचा चेहरा हवा, यात तो खलनायक नाही. त्याचे पैसे आहेत. पण या व्यवहाराचा इतिहास जुना आणि लाजिरवाणा आहे. हॉलिवूडने १९३० मध्ये जी आचारसंहिता आणली आणि १९३४ पासून कडकपणे राबवली, तिच्यात गोरे आणि काळे यांच्यातले शरीरसंबंध दाखवायला सरळ मनाई होती, आणि तिची भीती इतर वंशांच्या जोड्यांवरही पडली. ‘द गुड अर्थ’ (१९३७) या चिनी शेतकऱ्यांवरच्या चित्रपटात नायक पॉल म्युनी, गोरा. मग त्याच्या बायकोच्या भूमिकेसाठी अ‍ॅना मे वाँग ही तेव्हाची सर्वांत प्रसिद्ध चिनी-अमेरिकन नटी असूनही तिला बाजूला ठेवलं. भूमिका लुइझ रायनरला मिळाली आणि ऑस्करही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवरची बंदी रद्द केली ती १२ जून १९६७ ला. आपल्याकडे असा कायदा नव्हता, पण सवय आहे. २०१४ मध्ये मणिपूरच्या मेरी कोमवर चित्रपट निघाला तेव्हा भूमिका प्रियांका चोप्राला गेली. तिने मेहनत घेतली हे खरं, पण मणिपूरमधल्या एखाद्या मुलीला ती संधी का नाही, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त होता.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. हिंदी सिनेमात आपण किती वर्षं मोलकरीण आणि हवालदार होतो! ‘काय को’ म्हणणारी बाई आणि लाच खाणारा शिपाई. त्या भूमिका मराठी नटांनीच केल्या, म्हणजे निवड ‘अस्सल’ होती, पण घर दाखवलं नाही. म्हणून नुसता नागा नट घेतला की काम संपलं असंही समजू नका.

माझा सल्ला व्यवहाराचा. नायक नागाच घ्या, मुक्तासाठी आणि तिच्या आईबापांसाठी ओळखीचे चेहरे घ्या, निर्मात्याला पोस्टर मिळेल. आओच मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाही मिळाला आणि अंगामी किंवा लोथा मुलगा उत्तम असेल तर घ्या, पण आओ बोलणारा प्रशिक्षक त्याच्यासोबत चित्रीकरण सुरू व्हायच्या कितीतरी आधी बसवा. विदर्भाचा नट मालवणी माणूस करतो तेव्हा आपल्या कानाला खटकतंच, पण घासून केलेलं असेल तर आपण माफ करतो. नेपाळी, मिझो, मणिपुरी, जो हाताला लागेल तो ‘तिकडचाच’ म्हणून उभा करणं, हे मात्र कुणी माफ करू नये. ‘सैराट’ची आर्ची करणारी मुलगी अकलूजची होती म्हणून ती बुलेटवर बसून ज्या तोऱ्यात बोलते तो तोरा कार्यशाळेत शिकवता आला नसता. तेव्हा रिंकू राजगुरूचं नाव कुणाला माहीत होतं? चित्रपट चालला आणि चेहरा ओळखीचा झाला.

भाषेच्या प्रश्नावर मी थोडी हट्टी आहे. सगळ्यांनी मराठीत बोलायचं, हे चालणार नाही. मुक्ता आणि डेव्हिड पुण्यात भेटतात ते हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत बोलणार. त्याच्या घरात आओ बोलली जाईल आणि खाली अक्षरं येतील. लोक वाचतात हो. मोबाइलवर कोरियन मालिका बघणारा प्रेक्षक मोकोकचुंगच्या दोन प्रसंगांना घाबरत नाही.

पण खरा प्रश्न असा की कोण कोणाची भाषा शिकतं, आणि चुकल्यावर हसू कोणावर येतं. १९८१ च्या ‘एक दूजे के लिए’मध्ये तमिळ वासू आणि उत्तर भारतीय सपना. के. बालचंदर यांनी आपल्याच १९७८ च्या ‘मरो चरित्र’ या तेलुगू चित्रपटावरून तो केला. तेलुगूमध्ये मुलगा तमिळ, मुलगी तेलुगू. हिंदीत येताना दरी आणखी रुंद झाली. गाण्यांसाठी एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचं नाव आलं तेव्हा लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना त्यांच्या हिंदी उच्चारांची शंका होती. बालचंदर यांचं म्हणणं असं की वासूलाच हिंदी नीट येत नाही, मग गाणाऱ्याच्या उच्चारात दाक्षिणात्य छटा असली तर बिघडलं कुठे? त्याच गाण्यांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उच्चारातलं वेगळेपण विनोदासाठी वापरायचं की माणसासाठी, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. तरीही त्यात हिंदी शिकायचा घाम गाळतो तो वासूच. आणि आणखी एक: तो चित्रपट गोव्यात घडतो. समुद्र आहे, खडक आहेत, पण दोन्ही घरं बाहेरून आलेली. गोव्याच्या माणसाच्या घरात कथा शिरत नाही. लहानपणी बघितला तेव्हा हे जाणवलं नव्हतं. त्या नटीने तो प्रश्न विचारल्यानंतर पुन्हा पाहिला तेव्हा जाणवलं.

तुमच्या मसुद्यात डेव्हिड मराठी शिकताना लिंगाच्या चुका करतो, ‘माझी बाबा आली’ वगैरे, आणि सगळे हसतात. राहू द्या, गोड आहे. पण मुक्तालाही आओ शिकू द्या. त्या भाषेत स्वराच्या चढउताराने अर्थ बदलतो, त्यामुळे ती काय काय घोळ घालू शकते याची कल्पना करा. नेमके शब्द स्वतः रचू नका, बोलणाऱ्याला विचारा. तिच्यावर त्याची आजी पोट धरून हसली पाहिजे.

जेवणाच्या टेबलाबद्दल थोडं, कारण तुम्ही सगळी भांडणं तिथेच मिटवलीत. परकी सून एक घास खाते, ‘छान आहे’ म्हणते आणि वातावरण निवळतं. हा प्रसंग आता इतका झिजलाय की त्यातून पलीकडचं दिसतं. मात्र एक देणगी तुम्हाला फुकट मिळतेय. आओंचा एक खास पदार्थ आहे, अनिशी. अळूची पानं आंबवून, त्यांच्या वड्या थापून, धुरावर वाळवून ठेवतात आणि पोर्कमध्ये घालतात. अळू! साताऱ्यातली आई परसात सांडपाण्यावर वाढवते तेच पान. ही गोष्ट कुणाच्याही तोंडून बोलू देऊ नका. मुक्ता मोकोकचुंगच्या मागच्या दारी अळूचं बन बघते आणि थांबते, बस्स. आणि त्या जेवणानंतर भांडण मिटूही देऊ नका.

‘राग येऊ नये’ या काळजीतून तुम्ही डेव्हिडला संत करून ठेवलंय. तो चिडत नाही, खोटं बोलत नाही, गिटार वाजवतो आणि माफ करतो. अपमान झाला की खिडकीबाहेर बघतो. असा मुलगा कुणाला आवडेल? त्याला मत्सर द्या, आळस द्या, मुक्ताच्या गर्दीच्या कुटुंबाचा कंटाळा येऊ द्या. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा पसरल्या आणि बेंगळुरू, पुण्यातून ईशान्येकडचे हजारो लोक गाड्या भरभरून गावी परतले, ते पुणेकर विसरले असतील. तुमचा डेव्हिड त्या वेळी पुण्यात विद्यार्थी असेल तर तो विसरलेला नाही. तो त्या गाडीत बसला होता का? की बसला नाही आणि मित्रांनी त्याला वेडा ठरवलं? २०२० च्या मार्चमध्ये रस्त्यात कुणी त्याला ‘कोरोना’ म्हणून हाक मारली असेल. यावर वेगळा प्रसंग नको, पण मुक्ताचा भाऊ सहज काही बोलतो आणि डेव्हिड नको तितका भडकतो, तेव्हा प्रेक्षकाला कळू द्या की हा राग त्या भावावरचा नाही.

सल्लागार नेमा आणि त्याला पैसे द्या. मसुदा पूर्ण झाल्यावर ‘जरा नजर टाक’ म्हणून मित्राच्या मित्राला पाठवणं म्हणजे सल्ला नव्हे, तो शिक्का मारून घेणं आहे. रचनेच्या पातळीवरच त्याला बसवा. रेकीला म्हणजे चित्रीकरणाच्या जागा बघायला जाल तेव्हा लक्षात ठेवा, नागालँडमध्ये शिरायला बाहेरच्यांना इनर लाइन परमिट लागतं; १८७३ च्या ब्रिटिश नियमातून आलेली ही पद्धत आहे. पूर्ण युनिटची कागदपत्रं आधी करा. आणि हे निर्मितीचं काम झाल्यावर लेखिका म्हणून त्याच कागदाकडे पुन्हा बघा. होणाऱ्या सासरी जायला मुक्ताला परवाना लागतो. साताऱ्यातल्या बापाला हे कसं सांगणार?

शेवटाबद्दल. दोघांना मारू नका. ‘सैराट’चा शेवट त्या मातीतून उगवला होता. तुमच्या गोष्टीत कुणाच्याही हातात तलवार नाही. अडचण आहे ती अंतराची, थकव्याची आणि रविवारी चर्चला जायचं की तुळजापूरला, याची. तुम्ही लिहिलेलं ‘पळून जाऊन एका दिवसात कोर्ट मॅरेज’ही काढा. हिंदू आणि ख्रिस्ती, कोणीच धर्म बदलणार नाही, म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस रहिवास, मग नोटीस, ती कार्यालयात लागणार, ३० दिवस कुणालाही हरकत घेता येणार, त्यानंतर तीन साक्षीदार. पटकथाकाराला याहून चांगला घड्याळाचा काटा कोण देईल? महिनाभर दोन नावं सगळ्यांदेखत भिंतीवर. साताऱ्याहून कोण येऊन वाचून गेलं? त्याची बहीण फोटो मागते का? तिसरा साक्षीदार कोण?

आणि त्या कार्यालयात एक कारकून असेल. त्याला नायकाचं नाव देवनागरीत लिहायचंय. श्री. एस. सी. जमीर मोकोकचुंगकडचे आओ, ते २००८ ते २०१० महाराष्ट्राचे राज्यपाल होते, पण आपल्याकडे त्यांचं आडनाव ऐकून ते कुठले असतील याचा अंदाज भल्याभल्यांना करता आला नसता. कारकून तीनदा लिहील, तीनदा चुकेल, आधार कार्डावरचं आणि अर्जावरचं जुळणार नाही, नोटीस पुन्हा काढावी लागेल. हा विनोदी प्रसंग होऊ शकतो आणि पोटात गोळा आणणाराही. पण त्यासाठी नायकाला लिहायला अवघड नाव हवं. तिकडे डेव्हिड नावाची मुलं आहेतच, तरी तुम्ही ते नाव निवडलंत ते आपल्याला सोपं म्हणून. इम्ती, तेमजेन, काहीही चालेल. आओ माणसाला विचारून, कुळाच्या आडनावासकट ठेवा, आणि पुढचा मसुदा पाठवताना पहिल्या पानापासून बदलून पाठवा.